लेकीच्या गावाला पायी

रामनवमी आली की धुळे-मालेगाव रस्त्याची कड रात्रीची जागी होते. दिवसा तिथे पाय ठेवायची सोय नसते. एप्रिलात खान्देशचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि डांबराची धग चपलेच्या तळातून वर येते. म्हणून चालणारे पहाटे दोन-अडीचला उठतात, नऊ-दहा वाजेपर्यंत जेवढं अंतर तुटेल तेवढं तोडतात, भर दुपार शाळेच्या पडवीत किंवा कुणी घातलेल्या मंडपात काढतात आणि उन्हं कलली की परत निघतात. डोक्याला ओला रुमाल, खिशात उन्हाचा कांदा, पिशवीत कळण्याची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. कुठे चाललात, असं विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं: "गडावर." कोणत्या गडावर, हे खान्देशात कुणी विचारत नाही.

हा गड म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातला सप्तशृंगी गड. महाराष्ट्रातल्या साडेतीन पीठांपैकी हे अर्धं. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण मानतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत इथे चैत्रोत्सव चालतो आणि त्यावर खरा हक्क असतो तो खान्देशाचा. नवरात्र सगळ्या महाराष्ट्राचं, चैत्र मात्र धुळे, जळगाव, नंदुरबारवाल्यांचा. त्याचं कारण इकडची लहान पोरंही सांगतात: खान्देश हे देवीचं माहेर. ती गडावर नांदते. म्हणजे चालणारा देवस्थानाला निघालेला भाविक असतोच, शिवाय लेकीच्या घरी निघालेला माहेरचा माणूसही असतो.

ही गोष्ट कानावरून गेलेली होती. तिचा अर्थ मला कळला तो २०२५ च्या चैत्र चतुर्दशीला, ११ एप्रिलच्या पहाटे कळवण सोडताना. सोबत धुळे तालुक्यातले एक शेतकरी होते. साठी ओलांडलेली, अंगात पांढरा सदरा, पायात टायरच्या तळाची चप्पल. मी त्यांना नाना म्हणत होतो. खान्देशात त्या वयाची निम्मी माणसं नाना असतात, उरलेली आप्पा. नाना एकटेच निघाले होते. त्यांच्या गावातून चाळीस-पन्नास जणांचा जथा निघतो. पुढे टेम्पो, टेम्पोत सामान आणि जनरेटर, त्यावर डीजे. नाना पूर्वी त्या जथ्यात असत. मग एका वर्षी सोडलं. "टेम्पोमागे चालायचं म्हणजे टेम्पोच्या पायानं चालायचं," एवढंच ते म्हणाले. नवस काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो विचारायचा नसतो.

धुळ्याहून गड सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतो, जळगावकडून येणाऱ्याला त्याहून बराच जास्त. आर्वी, झोडगे, मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण, नांदुरी अशी ही ओळ. झोडग्याला हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर माणकेश्वराचं यादवकालीन देऊळ उभं आहे. कोरीव कामानं भरलेलं आणि बहुतेक वेळा रिकामं. ट्रकवाले तिकडे बघतही नाहीत. पायी जाणाऱ्याला मात्र त्याची सावली लागते, म्हणून तोच आत जातो. हमरस्ता होण्याआधीही इथून माणसं जात-येत होती, याची एवढी तरी साक्ष उरली आहे.

बाकी जुनी वाट आता डांबराखाली गेली. चौपदरी रस्ता झाला तशी कडेची झाडं गेली, आणि चालणाऱ्याच्या वाट्याला आली पांढऱ्या पट्ट्याबाहेरची हातभर जागा. तिथून ताशी शंभराच्या वेगानं गाड्या जातात. चैत्रात कुठे ना कुठे पायी जाणाऱ्यांना वाहनानं उडवल्याची बातमी येते, दोन दिवस हळहळ होते आणि पुढच्या चैत्रापर्यंत विषय मिटतो. अन्नछत्रांवर पुढाऱ्यांचे पुरुषभर फोटो लागतात, सरबताचे पेले रस्त्याकडेला ढीग करतात. इतकी माणसं दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात ठरलेल्या रस्त्यानं जातात, हे सरकारला आधीपासून ठाऊक असतं. तरी कच्च्या मातीची एक पायवाट आणि तिच्या कडेनं कडुनिंबाची रांग एवढंही होत नाही. घोषणा होतात त्या गडावरच्या सोयींच्या. वाटेवर काय चाललंय ते चालणाऱ्यालाच ठाऊक.

एकट्यानं चालणं खान्देशाला नवं नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी इथल्या गावांतून हिंडले. भडगाव तालुक्यातलं कनाशी हे महानुभावांचं मोठं स्थान आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचा पहिला भाग 'एकांक' आहे, कारण त्यात स्वामींच्या एकट्या भ्रमंतीचा काळ येतो. पुढे त्यांची पावलं जिथे जिथे टेकली ती ठिकाणं स्थानपोथीत नोंदली गेली आणि अनुयायी त्या नोंदींवरून चालत राहिले. प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

दुसरा एकटा धुळ्यातच वारला. इतिहासाचार्य राजवाडे. दप्तरं, ताम्रपट, बखरी शोधत त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. त्यांना सोबत सहसा मानवत नसे. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाची संशोधन संस्था उभी राहिली. राजवाड्यांचं एकटेपण माणसं टाळणाऱ्याचं होतं. नानांचं तसं नव्हतं. ते दर मैलाला कुणाशी तरी बोलत. फक्त कुणाच्या पावलाशी पाऊल जुळवत नसत.

कळवण मागे पडलं तेव्हा अंधार होता आणि चतुर्दशीचा चंद्र पश्चिमेला उतरत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याचा वास. एप्रिलात या भागात कांदा काढणी सुरू असते आणि चाळी भरायला लागतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांच्या नावांची पहिली अक्षरं घेऊन लोक या पट्ट्याला कसमादे म्हणतात. कागदावर हा नाशिक जिल्हा. पण रस्त्यावर चहावाल्यापासून अन्नछत्रातल्या बाईपर्यंत कुणीही तोंड उघडलं की अहिराणी. लहेजा थोडा फिरतो, एवढंच. धुळ्याहून निघालेल्या माणसाला गडाच्या पायथ्यापर्यंत आपली बोली खिशात घालावी लागत नाही.

यात आश्चर्य काहीच नाही. नाशिक जिल्हाच मुळी १८६९ मध्ये झाला. त्याआधी मालेगाव आणि बागलाण हे खान्देशात होते आणि आजचं कळवण बागलाणाचाच भाग होतं. म्हणजे त्या काळी नानांचे पूर्वज चालले असतील तर त्यांनी जवळजवळ पायथ्यापर्यंत स्वतःचा जिल्हा सोडलाच नसेल. नंतर खान्देशाचीही फाळणी झाली. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम, पुढे जळगाव आणि धुळे, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार. देवीचं माहेर मात्र कोणत्याही राजपत्रात बदललं नाही. प्रशासनाच्या नकाशापेक्षा सोयरिकीचा नकाशा टिकाऊ असतो असं मला वाटतं, आणि ही वाट त्या दुसऱ्या नकाशावरची आहे.

तिसरा नकाशा पाण्याचा. गिरणा कळवण-सुरगाण्याकडच्या डोंगरात उगम पावते. चणकापूरचं धरण तिच्यावरच, मालेगाव तिच्याच आसऱ्यानं. नांदगाव तालुक्यात १९६९ च्या सुमारास पुरं झालेलं गिरणा धरण, आणि मग चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत ती जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. जळगावकरानं गडाकडे चालायचं म्हणजे गिरणेच्या उलट्या दिशेनं, उगमाकडे जायचं. आपण कोणत्या धरणाचं पाणी पितो ते शहरातला माणूस टक्केवारीत वाचतो. हा माणूस ते चालत बघत येतो.

पाचच्या सुमारास एका फाट्यावर चहाचं पातेलं चढलं होतं. सेवा घरगुती होती, फलक नव्हता, लाउडस्पीकर नव्हता. एक वयस्क बाई खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "कोनता गावना शेतस?" शिरपूर म्हटलं की मान हलायची. पारोळा म्हटलं की मान हलायची. शिंदखेड्याकडचं एक गाव कुणी घेतलं आणि ती उठून उभीच राहिली. तिचं माहेर त्याच्या शेजारचं. मग तिथल्या विहिरीला पाणी किती आहे, अमक्याचा थोरला मुलगा काय करतो, मारुतीच्या पारावरचं झाड आहे की पडलं, सगळ्याची चौकशी झाली. त्या तरुण पोराला निम्मं माहीत नव्हतं, तरी तो शहाण्यासारखा हो-हो करत राहिला. चहाचे पैसे कुणी काढले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. कसमाद्यात दिलेल्या खान्देशी लेकींसाठी चैत्राचे हे दिवस असे असतात. वर्षभर न दिसणारी माहेरची माणसं आपल्या दारावरून चालत जातात.

उजाडलं तसा सातमाळेचा पट समोर उभा राहिला. धोडपची खाच दूर डावीकडे, मग रवळ्या-जवळ्याची जोडी, मार्कंड्या आणि त्याच्या समोर सप्तशृंगीचा सुळका. पूर्वेला कांचना. दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना शिवाजी महाराजांनी १७ ऑक्टोबर १६७० ला दाऊदखानाला त्याच कांचन्याजवळच्या कांचनबारीत उघड्या मैदानावर हरवलं. सुरत, बागलाण, सातमाळा अशी ती येण्याची वाट. व्यापाऱ्यांची, फौजांची आणि यात्रेकरूंची वाट वेगळी नव्हती. घाट जिथे डोंगर ओलांडू देतो तिथूनच सगळे जातात.

नानांनी सुळका दिसताच चपला काढल्या नाहीत, हात जोडले नाहीत. मी अपेक्षेनं बघत होतो, ते मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसून टाचेचा फोड सुईदोऱ्यानं फोडत होते. दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि कातडी निघत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. शेवटच्या दिवशी शरीर असं स्वतःकडे लक्ष ओढून घेतं. आदल्या दिवसांत ज्या गुडघ्यानं तक्रार केली नाही तो गड दिसल्यावर करतो. भक्तीच्या पुस्तकांत शेवटचा टप्पा आनंदाचा असतो. मी पाहिलेला शेवटचा टप्पा बऱ्यापैकी चिडखोर होता. माणसं कमी बोलत होती, पाण्यावरून कुरबुर होत होती, आणि "किती राहिलं" या प्रश्नाला प्रत्येक स्थानिक माणूस निम्मंच अंतर सांगत होता.

नांदुरीला गाड्या थांबतात. उत्सवाच्या काळात खासगी वाहनं वर सोडत नाहीत, एसटीच्या बसेस घाटातून सारख्या ये-जा करतात. घाटरस्ता दहाएक किलोमीटरचा. चार दिवस चाललेल्या माणसाला इथे थोडक्या भाड्यात बसायला जागा मिळते, आणि काही जण खरंच बसतात. त्यांना कुणी नावं ठेवत नाही. नाना बसच्या रांगेकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग उसाचा रस प्यायले आणि रडतोंडीच्या जुन्या पायवाटेला लागले. वाटेला हे नाव कुणी दिलं असेल तो माणूस नक्की एप्रिलात चढला असणार.

वर गाव आहे, दुकानांची गल्ली आहे, ट्रस्टचं भक्तनिवास आहे. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. देवळापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या, आणि ट्रॉली त्या काही मिनिटांत संपवते. पायी आलेला माणूस ट्रॉलीत बसत नाही. पहिल्या पायरीवर नारळ फुटतो, कुंकू लागतं आणि रांग वर सरकायला लागते.

या पायऱ्यांपाशी मला एक बाई सगळ्यात जास्त आठवत राहिली. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या पत्नी उमाबाई. गडाच्या जुन्या पायऱ्या अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बांधून घेतल्या. उमाबाई मराठ्यांच्या इतिहासात येतात त्या तलवार घेऊन: १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडला, त्यानंतर सेनापतिपदाचा कारभार त्यांनी पाहिला आणि पुढे अहमदाबादच्या मोहिमेत स्वतः फौजेबरोबर गेल्या. पण त्यांचं माहेर कुठलं हे फार जण विचारत नाहीत. अभोण्याचं ठोके देशमुखांचं घराणं. अभोणं इथलंच, कळवण तालुक्यातलं. सून तळेगावची, सत्ता साताऱ्याच्या दरबारातली, आणि बांधकाम माहेरच्या डोंगरावर. ज्या देवीला खान्देश आपली लेक मानतो, तिच्या पायऱ्या त्याच मुलखातल्या, बाहेर दिलेल्या एका लेकीनं घडवल्या. गडावर याचा एखादा ठसठशीत फलक असायला हवा, चढणाऱ्याच्या नजरेला पडेल असा. सध्या नजरेला पडतात त्या प्रसादाच्या दुकानांच्या पाट्या.

रांगेत नानांना साडेतीन तास लागले, दर्शनाला काही सेकंद. कड्याच्या कपारीत साधारण आठ फुटांची अठरा हातांची मूर्ती, प्रत्येक हातात आयुध, मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी स्तवन म्हणत असत आणि ती कान देऊन ऐकत असे, म्हणून मान कलली, अशी कथा आहे. शेकडो वर्षांचा शेंदराचा थर २०२२ मध्ये काढला गेला, आणि त्याखालचं मूळ रूप पहिल्यांदाच लोकांना दिसलं. जुन्या रूपाची सवय झालेल्यांना ते सुरुवातीला पटलं नव्हतं. नानांनाही नाही. "आता सवय झाली," ते म्हणाले, "पोरगी शिकून आली की चेहरा बदलतोच." त्यांनी खण-नारळ दिला, साडी दिली, पुजाऱ्यानं हात पुढे केला, मागच्यानं ढकललं आणि नाना बाहेर आले.

चालण्याच्या जुन्या वाटा जगात सगळीकडे आता नव्यानं फुलल्या आहेत. स्पेनमधला सांतियागोचा रस्ता १९९३ मध्ये जागतिक वारसा झाला, जपानमधल्या किई पर्वतातल्या यात्रावाटा २००४ मध्ये. सांतियागोला निदान शेवटचे शंभर किलोमीटर चालल्याचे शिक्के वहीत दाखवले की प्रमाणपत्र मिळतं. मला त्यात वाईट काही दिसत नाही. उलट त्यांनी वाट जपली, आपण तिच्यावर सहा इंच डांबर घातलं. पण खान्देशी माणूस प्रमाणपत्र घेऊन करणार काय, हाही प्रश्नच. लेकीच्या घरी जाऊन आल्याची पावती कुणाला दाखवायची?

चतुर्दशीची रात्र गडावर ध्वजाची असते. दरेगावच्या गवळी पाटील घराण्याकडे हा मान पिढ्यान्‌पिढ्या आहे. संध्याकाळी पूजा होऊन मिरवणूक निघते, मग मानकरी कीर्तिध्वज घेऊन अंधारात सुळक्याकडे जातात आणि मध्यरात्री तो माथ्यावर लागतो. ज्या कड्यावर दिवसा, दोर घेऊनही कुणी सहज जाणार नाही, तिथे हा माणूस रात्रीचा एकटा चढतो. वर्षातून दोनदा, चैत्रात आणि दसऱ्याच्या सुमारास. त्या रात्री गडावर हजारो माणसं माना वर करून बसलेली असतात. ढोल वाजत असतात, मुलं झोपेत रडत असतात, कुणीतरी हरवलेल्या बाईचं नाव पुकारत असतं. नाना एका दुकानाच्या ओट्यावर उपरणं अंथरून आडवे झाले होते. ध्वज लागल्याचा गलका झाला तेव्हा ते उठून बसले, वर पाहिलं, हात जोडले. चार दिवसांत त्यांना हात जोडताना मी तेव्हाच पाहिलं.

सकाळी परतीची गंमत. चालत कुणीच जात नाही. ज्या अंतराला चार रात्री लागल्या ते लाल बस काही तासांत गिळते, आणि खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या माणसाला त्यातलं एकही गाव दिसत नाही. नांदुरीच्या तात्पुरत्या स्थानकात जळगाव, चोपडा, शहादा, धुळे अशा पाट्यांखाली झुंबड होती. नानांना धुळ्याची बस मिळायला दीड तास लागला. तेवढ्यात त्यांचे दोन फोन झाले. पहिला घरी: कापसाच्या पळाट्या शेतातून उचलल्या का. दुसरा सालदाराला. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, खान्देशात सालदारांचं वर्ष बदलतं, आणि त्या वर्षी आखाजी ३० एप्रिलला, अठराच दिवसांवर होती. गडी जास्त मागत होता. नाना फोनवर तासाभरात दोनदा तापले, दोनदा उतरले.

"आखाजीला पोरी येतील," फोन ठेवून ते मला म्हणाले. "दोघी. झोक्याला दोर नवा घ्यावा लागेल, जुना उंदरानं कुरतडलाय." मग बस लागली आणि धुळ्याच्या दिशेनं तोंड करून उभी असलेली सगळी माणसं दाराकडे धावली. नाना खिडकीतून उपरणं टाकून जागा धरण्यात पटाईत निघाले.